पॅरिसचे जेवण आणि दोन साक्षीदार

परदेशी जाऊन आलेला माणूस घरी परतला की पहिल्या चार वाक्यांत तेथल्या खाण्यावर येतो. महामंदिरे, राजवाडे, वस्तुसंग्रहालये यांविषयी बोलताना त्याला माहितीपुस्तिकेची मदत घ्यावी लागते. जिभेच्या बाबतीत मात्र त्याला कोणाचीच साक्ष काढावी लागत नाही. त्यामुळे प्रवासवर्णनांतील सर्वांत मोकळी आणि प्रामाणिक पाने खाण्यापिण्याची असतात, असा एक समज आहे. हा समज एकदा तपासून पाहावा असे आम्हांस फार दिवस वाटत होते. त्यासाठी आम्ही दोन जुनी इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. दोन्हींचे शहर एक, पॅरिस. काळही जवळजवळ एकच. पण एक लेखक त्या शहरातील भोजनगृहांत मेजाशी बसला होता, आणि दुसरा त्याच प्रकारच्या भोजनगृहांच्या तळघरात भांडी घाशीत होता.

पहिले पुस्तक ए. जे. लिबलिंग या अमेरिकन पत्रकाराचे 'बिट्वीन मील्स'. ते १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील लेख आधी 'न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात आले होते. दुसरे जॉर्ज ऑर्वेलचे 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन', १९३३ सालचे. एरिक ब्लेअर या तरुणाने ऑर्वेल हे टोपणनाव प्रथम धारण केले ते याच पुस्तकावर. लिबलिंग १९२६-२७ मध्ये विद्यार्थी म्हणून पॅरिसला होता. ऑर्वेल १९२८ च्या वसंतात तेथे आला आणि १९२९ च्या अखेरीपर्यंत राहिला. दोघांच्या वयात एका वर्षाचे अंतर. सीन नदीच्या एकाच तीरावर, एकमेकांपासून पायी जाता येईल अशा वस्त्यांत दोघे राहिले.

लिबलिंगचे पुस्तक वाचताना भूक लागते, आणि त्याचा तोच हेतू आहे. प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराला चहात बुडवलेल्या एका लहानशा केकवरून सारे बालपण आठवले. त्या गृहस्थाला खणखणीत भूक असती तर त्याने काय काय लिहिले असते, अशा थट्टेने पुस्तकाला आरंभ होतो. चांगला खवय्या होण्यासाठी प्रथम भूक हवी, असे लिबलिंगचे साधे प्रतिपादन आहे. त्याच्या पुस्तकात ईव्ह मिरांद हा वृद्ध नाटककार भेटतो. अंजिरांसह कच्चे हॅम, पिठाच्या आवरणातील सॉसेज, मासा, अँचोव्ही घातलेली कोकराची तंगडी, आर्टिचोक, चार-पाच प्रकारचे चीज आणि सोबतीला मद्याच्या बाटल्या असे दुपारचे जेवण तो उरकतो, आणि उठण्यापूर्वी रात्रीच्या जेवणाची आठवण करून देतो. संयमाचे धडे ऐकत वाढलेल्या वाचकाला ही पाने वाचून थोडे गुदमरल्यासारखे होईल. तरीही लिबलिंग बढाईखोर वाटत नाही. मिरांदच्या भुकेकडे तो एखाद्या थोर गवयाच्या दमसासाकडे पाहावे तसा पाहतो.

त्याचा एक विचार मात्र आम्हांस विशेष मोलाचा वाटला. खाण्याची खरी पारख व्हायला खिशात पैसे असावेत, पण फार असू नयेत, असे तो म्हणतो. बिल देता यावे इतके, परंतु ते देताना विचार करावा लागेल इतकेच. ज्याला किंमत पाहावी लागत नाही तो यादीतील सर्वांत महाग पदार्थ मागवून मोकळा होतो. स्वस्त मांसाचा मंद आचेवर तासन्तास शिजवलेला तुकडा किती रुचकर असतो, हे त्याला कधीच कळत नाही. ज्याला अगदीच चणचण आहे त्याला निवडीचा प्रश्नच पडत नाही. बऱ्यापैकी मद्य घ्यावे की बऱ्यापैकी मांसाचा पदार्थ, या पेचात पडलेला माणूसच शिकत जातो. र्‍यू बोनापार्तवरील एका साध्या भोजनगृहात लिबलिंगने हे शिक्षण घेतले. घरचा आठवड्याचा बाजार बेताच्या पैशांत करणाऱ्या गृहिणीस हे मत वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दाराच्या दुसऱ्या बाजूस जाऊ. ऑर्वेलच्या पुस्तकातील पहिली प्रकरणे जेवणाची नसून उपासमारीची आहेत. दिवसाला सहा फ्रँक उरले की माणसाचे काय होते, हे तो बारकाईने सांगतो. शेवटच्या पैशांतून अर्धा लिटर दूध आणावे, ते तापत असताना हातावर चढलेला ढेकूण टिचकीने उडवावा आणि तो नेमका दुधात पडावा. मग दूध ओतून देऊन उपाशी झोपावे. गरिबीतील हा क्षुद्रपणा, ही सतत करावी लागणारी बारीकसारीक लपवाछपवी त्याने जशी टिपली आहे तशी फार थोड्यांनी टिपली असेल. नंतर बोरिस नावाच्या रशियन निर्वासित मित्राच्या ओळखीने त्याला एका बड्या हॉटेलात काम मिळते. पुस्तकात त्या हॉटेलचे नाव फक्त 'एक्स' असे आहे. काम 'प्लाँजर'चे, म्हणजे आपल्या भाषेत भांडीघाशाचे. सकाळी सात ते दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, जेवणघराची भांडी असतील त्या दिवशी चौदा तास. तळघरातील उष्णता ११० अंश फॅरनहाइटच्या खाली कधीच नाही. जेवणाच्या दालनात पांढरेशुभ्र मेजपोस, फुलदाण्या, आरसे. आणि एका झुलत्या दारापलीकडे, काही पावलांवर, घाम, खरकटे आणि शिव्या.

या पुस्तकाची कीर्ती किळसवाण्या तपशिलांमुळे झाली. आचारी मटणाचा तुकडा बोटांनी चाचपतो, रस्सा अंगठ्याने चाखतो, इत्यादी. वाचक तेवढेच लक्षात ठेवतात, याचे आम्हांस वाईट वाटते. कारण ऑर्वेल तेथे थांबत नाही. ही घाण का निर्माण होते याचा तो शोध घेतो, आणि पुस्तकाचे खरे सामर्थ्य तेथे आहे. न्याहारीच्या वेळी एकाच क्षणी अनेक मागण्या येतात. टोस्ट भुशाच्या लादीवर पडतो. नवा भाजण्यास वेळ नाही, म्हणून तो पुसून पाठवायचा. जिन्यात तो लोण्याच्या बाजूने पुन्हा पडतो, पुन्हा पुसायचा. वर बसलेल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजले आहेत ते तत्परतेसाठी आणि दिखाव्यासाठी, आणि त्या दोन गोष्टी त्याला चोख मिळतात. स्वच्छता त्याच्या नजरेस पडत नाही, म्हणून ती बळी जाते. हॉटेलात काळजीपूर्वक बनवले जाई ते नोकरांचे आणि मालकाचे अन्न. कामगार आळशी किंवा दुष्ट आहेत असे ऑर्वेल कोठेही म्हणत नाही. उलट आपल्या कामात एकदाही मागे न पडण्याचा त्यांचा अभिमान तो आदराने नोंदवतो. हे विश्लेषण वाचल्यावर महागडे हॉटेल म्हणजे स्वच्छ हॉटेल, हे आपले समीकरण डळमळते.

येथे एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. व्हालेंती नावाचा तरुण इटालियन वेटर ऑर्वेलला आपली एक हकीकत सांगतो. अनेक दिवसांच्या उपासाने तो अंथरुणास खिळला होता. भिंतीवर एका स्त्रीचे चित्र होते. ते संत एलोईजचे असे त्याने ऐकले होते. श्रद्धा फारशी नसतानाही त्याने तिला विनवले, अन्न मिळाले तर मेणबत्ती लावीन असा नवस बोलला. थोड्याच वेळात शेजारची मारिया आली आणि खोलीत पडलेला तेलाचा रिकामा डबा तिला दिसला. तो दुकानात परत केला तर अनामत साडेतीन फ्रँक मिळणार होते. पाव आला, पोट भरले. मेणबत्तीचा विषय निघाला तेव्हा मारिया हसू लागली: ते चित्र कोणा संताचे नव्हते, सुझान मे नावाच्या एका प्रसिद्ध वारांगनेचे होते. मग नवस फेडण्याचे कारण उरले नाही, असे म्हणून व्हालेंती सुटला.

काही वाचकांना ही कथा पाखंडी वाटेल. ऑर्वेलचा धर्माविषयीचा, विशेषतः कॅथलिक चर्चविषयीचा दृष्टिकोन पुढे कठोर होत गेला हेही खरे. तथापि या पानांत उपहासाची धार आम्हांस जाणवत नाही. नवस फेडायचा की नाही, याचा हिशेब करणारा व्हालेंती आपल्या ओळखीचा आहे. आणि तेलाचा डबा त्या खोलीत आधीपासूनच पडलेला होता, हे लेखक काहीही भाष्य न करता सांगून जातो. तेवढ्या संयमासाठी तरी त्याला दाद द्यावी लागते.

पुस्तक प्रसिद्ध होताच एका उपाहारगृह-व्यावसायिकाने 'टाइम्स'ला पत्र लिहून आक्षेप घेतला की, यामुळे पॅरिसच्या सगळ्या व्यवसायाची नाहक बदनामी झाली आहे. ऑर्वेलने त्याच पत्रातून उत्तर दिले: आपण सर्व पॅरिसविषयी बोललो नसून एका विशिष्ट हॉटेलविषयी बोललो. उत्तर बिनतोड दिसते, परंतु आमचे पूर्ण समाधान होत नाही. जितके महाग जेवण तितकी त्यात घामाची भर अधिक, असे सर्वसाधारण विधान त्याने पुस्तकात केलेच आहे. एका तळघरावरून साऱ्या शहराचा न्याय करायचा आणि कोणी हटकले की तळघरात परत शिरायचे, हा प्रवासी लेखकांचा जुना खेळ आहे. ज्यूंविषयीचे त्याचे उल्लेख तर पानोपानी बोचतात. एका दुकानदाराचा किंवा सावकाराचा राग तो सबंध समाजावर काढतो, आणि येथे तर त्याला विश्लेषणाचीही गरज भासत नाही. ब्रिटनमधील ज्यूद्वेषावर त्याने १९४५ साली विचारी निबंध लिहिला. पण तेवढ्याने १९३३ ची पाने बदलत नाहीत.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे, आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावरच तो सुचतो. पैसे कोणाचे होते? लिबलिंग हे प्रथमच सांगून टाकतो. त्याचा बाप न्यू यॉर्कमधील फरचा व्यापारी. त्याने दिलेल्या हुंडीवर चिरंजीव पॅरिसमध्ये जेवत होते. ती हुंडी मिळवण्यासाठी आपण बापाला काय थाप मारली, हेही तो मिस्कीलपणे लिहितो. ऑर्वेलची सख्खी मावशी, नेली लिमूझां, त्या काळात पॅरिसमध्येच राहत होती आणि भाच्याशी तिचा संबंध होता. पुस्तकात मावशीचा मागमूस नाही. उपाशी निवेदकाला शहरात कोणीच नाही, असा वाचकाचा समज होतो. सर्व प्रसंग बहुतांशी घडलेले आहेत, मात्र त्यांची मांडणी बदललेली आहे, असे त्याने पुढे १९३७ सालच्या 'द रोड टू विगन पियर'मध्ये मान्य केले. भांडी त्याने खरोखर घासली, याविषयी शंका नाही. पण ज्याला मावशीचे दार ठोठावता येते त्याची भूक आणि व्हालेंतीची भूक एक नव्हे, आणि हा भेद वाचकास कळू द्यायला हवा होता. ऐषारामात जेवणारा आपल्या खिशाविषयी खरे बोलतो, आणि गरिबीचा साक्षीदार तेवढे एकच झाकतो!

लिबलिंगला मात्र यामुळे निर्दोष ठरवता येत नाही. तो मालकिणींविषयी लिहितो, गिऱ्हाइकांविषयी लिहितो, सॉसच्या पोताविषयी तर कवीसारखा लिहितो. भांडी घासणाऱ्याकडे त्याची नजर वळत नाही. फ्रेंच माणसाला चांगल्या अन्नाची जाण असते, या श्रद्धेवर त्याचे सारे पुस्तक उभे आहे. ऑर्वेल नंतर ज्या लहान भोजनगृहात दिवसाला सतरा-सतरा तास राबला, तेथील स्वयंपाकघर हॉटेलापेक्षाही गलिच्छ होते. तरी ते चालू लागले. फ्रेंच गिऱ्हाइकेही येऊ लागली. त्यांच्या पारखीवरचा आपला विश्वास तेथे उडाला, असे तो सांगतो. ते भोजनगृह का चालले याचे त्याने दिलेले कारण तर मासलेवाईक आहे: सुऱ्या धारदार होत्या. सुरी चांगली कापते तेव्हा मांस कोवळे वाटते. लिबलिंगच्या शंभर पानांना हा एक चिमटा पुरेसा आहे.

दोघांपैकी अधिक विश्वासार्ह कोण, असे कोणी विचारल्यास आम्ही स्वयंपाकघरापुरते ऑर्वेलला आणि खिशापुरते लिबलिंगला मानू. आज मोबाइलवर पाच तारे देऊन वा कापून जो तो शहरातल्या हॉटेलांचा निकाल लावतो. तेथे खिशाचाही पत्ता नसतो आणि दारापलीकडचाही.

आपल्या समाजापुरती यात एक जवळची गोष्ट आहे. गोव्यातील आणि आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील पुरुषांनी बोटींवर आणि मुंबईच्या हॉटेलांत आचारी, बटलर, स्टुअर्ड म्हणून आयुष्ये काढली. धोबीतलावच्या कुडांत ट्रंका ठेवून पुढच्या बोटीची वाट पाहिली. साहेबाच्या मेजावरचे आणि पॅन्ट्रीतले अशी दोन्ही जगे त्यांनी एकाच दिवसात अनेकदा ओलांडली. त्यांच्या गोष्टी सणासुदीला जेवणानंतर रंगतात आणि पानांबरोबर उचलल्या जातात. ऑर्वेल दीड-दोन महिन्यांच्या भांडीघाशीवर एक पुस्तक लिहू शकला. आपल्याकडे तीस-तीस वर्षे पॅन्ट्रीत काढलेली माणसे अजून हयात आहेत, आणि त्यांची नातवंडे लिहिती आहेत.