काच आहे, प्रिंट कुठे आहे?

जुन्या वाड्यातल्या फोटोत पणजीचं कुंकू काळंकुट्ट दिसतं आणि मागचं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं. दोष फोटोग्राफरचा नव्हे. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा प्रकाश दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. गेली काही दशकं युरोप-अमेरिकेत अशा प्लेटा पुन्हा हातानं घडवल्या जात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा तितक्याच रंगांध आहेत. पूर्वी ती अडचण होती, आता ती शैली म्हणून मिरवते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ साली कलोडियन या चिकट द्रावणाची ओली पद्धत प्रसिद्ध केली. प्लेट ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचा, त्यामुळे बाहेर पडायचं तर डार्करूमचा तंबू बरोबर हवाच. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं कलोडियनऐवजी जिलेटिन सुचवलं. हळूहळू प्लेट कोरडी झाली, डब्यात भरून ठेवता येऊ लागली. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह आहेत. त्या मोलाच्या, कारण त्यांच्यावरून आजही प्रिंट काढता येते.

आजच्या पुनरुज्जीवनात गाजते ती मात्र ओली पद्धत, आणि तीही बहुतेक वेळा निगेटिव्हसाठी नाहीच. काळ्या पत्र्यावर किंवा काचेवर थेट पॉझिटिव्ह काढायचं, हायपो या रसायनात चेहरा उमटताना गिऱ्हाइकाला दाखवायचं. गंमत आहे, नाकारत नाही. पण ती एकच प्रत. निगेटिव्ह हवी तर प्रकाश जास्त वेळ द्यावा लागतो, चांदीचा थर दाट करावा लागतो, आणि हे सगळं करून हाती येतं ते उलटं चित्र. जत्रेत ते कोण बघणार?

अमेरिकी फोटोग्राफर सॅली मान यांनी ‘व्हॉट रिमेन्स’ (२००३) या पुस्तकात अमेरिकी यादवी युद्धातली अँटिएटमची रणभूमी ओल्या प्लेटांवर टिपली. तिथले ओघळ, धुळीचे ठिपके, सोललेल्या कडा खपून जातात, कारण विषयच माती आणि मृत्यूचा आहे. त्यांच्यामागून आलेल्यांनी ओघळ तेवढे उचलले. लग्नाच्या फोटोवर मुद्दाम ठेवलेला डाग हा नीट न पुसलेल्या काचेचा पुरावा असतो, दुसरं काही नाही.

खरं काम चाललंय ते कोरड्या प्लेटवर. सोपी वाट बाटलीतल्या तयार इमल्शनची. अमेरिकेत रॉकलँडचं ‘लिक्विड लाइट’ मिळतं, चेक प्रजासत्ताकात फोमाचं. पण हे इमल्शन मुळात प्रिंटच्या कागदाच्या जातीचं. काच गुळगुळीत, तिच्यावर ते टिकत नाही. डेव्हलपरमध्ये दुधावरच्या सायीसारखं सुटून येतं. म्हणून आधी खडूची पूड आणि स्पिरिटनं काच घासायची, मग जिलेटिन आणि क्रोम अ‍ॅलमचा पातळ हात द्यायचा. एवढं करूनही उजेड-सावलीतले मधले टप्पे हरवतात.

दुसरी वाट लांबची. लाल दिव्यात कोमट जिलेटिनमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड, त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं, मग ते मिश्रण ठरावीक उष्णतेवर मुरवायचं. गार होऊन घट्ट झालं, की सोऱ्यातून शेव पाडावी तसं दाबून काढायचं आणि नको असलेले क्षार थंड पाण्यात धुवून टाकायचे. पुन्हा वितळवायचं आणि पाणसळ लावून सपाट केलेल्या थंड संगमरवरावरच्या काचेवर ओतायचं. अचूक तापमापक, चुंबकी ढवळणी, शुद्ध रसायनं ही आजची कमाई. एरिथ्रोसिनसारखा रंग मिसळला तर प्लेटला हिरवंही दिसू लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र हे जिलेटिन गोठायलाच तयार नसतं.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी अमेरिकेत जे. लेन आणि स्लोव्हेनियात झेब्रा या नावांनी तयार कोरड्या प्लेटा विकल्या जातात. नेहमीच्या प्लेटची संवेदनशीलता आयएसओ २ च्या आसपास. लख्ख उन्हात एफ १६ ला अर्धा सेकंद. फिल्मवर हेच काम सेकंदाच्या शंभराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होतं. या प्लेटा चांगल्या आहेत, आणि एकसारख्या निघतात हेच त्यांचं मोठेपण.

काचेचा खरा गुण कोणता, हे खगोलशास्त्रज्ञ जाणून होते. काच आकसत नाही, वाकत नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्य टिपला गेला तो काचेवर. फिल्म तिथे १९७० च्या दशकात आली. आणि दाट, ठसठशीत काचेची निगेटिव्ह शोभते ती सॉल्ट किंवा अल्ब्युमेन कागदावर, थेट टेकवून उन्हात काढलेल्या प्रिंटमध्ये. हे करणारे आज थोडे. बाकीचे निगेटिव्ह स्कॅन करतात, पडद्यावर उलटी करतात आणि फोनवर टाकतात. मग दोन मिलिमीटर काचेचं ओझं वाहिलं कशाला?

प्रदर्शनात मागून दिवा लावलेली काचेची निगेटिव्ह दिसली, तर कौतुक जरूर करा. मात्र तिची प्रिंट दाखवायला सांगा.