वीज, गडगडाट आणि वळीव : ‘सौरवादळा’च्या बातम्यांचा परामर्श

मे २०२४ मध्ये सूर्य वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. लडाखमधील हानले येथून तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली आणि मराठी वाचकालाही हा विषय आपला वाटू लागला. मुरगूडला हाती आलेल्या त्या दिवसांतील बातम्या आम्ही ओळीने वाचल्या. विज्ञानाला एवढी जागा मिळाली याचे समाधान आहे. तरीही शिक्षक म्हणून एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. ‘सौरज्वाला’, ‘सौरस्फोट’ आणि ‘सौरवादळ’ हे शब्द या बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘सौरज्वाला पृथ्वीवर आदळली’ असे वाचले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे आगीचा लोळ उभा राहतो.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. आपल्याकडे वळवाच्या वेळी आधी वीज चमकते, मग गडगडाट ऐकू येतो आणि पाऊस आला तर त्यानंतर येतो. कधी ढग गडगडतो मुरगूडला आणि पाऊस पडतो निपाणीला. या तिन्हींना कोणीही ‘वीज’ म्हणत नाही. सूर्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

येथेही घटना तीन आहेत. सूर्यडागांच्या परिसरातील चुंबकक्षेत्रात साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी होते आणि क्ष-किरणांचा व अतिनील किरणांचा लखलखाट होतो, ही सौरज्वाला. येथे काही जळत नाही. हा प्रकाश ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वीवर पोचतो. दुसरी घटना म्हणजे किरीटातील द्रव्याचे उत्क्षेपण. अब्जावधी टन आयनीभूत वायू आपले चुंबकक्षेत्र घेऊन बाहेर फेकला जातो. त्याला पृथ्वीपर्यंत यायला सहसा एक ते तीन दिवस लागतात आणि तो पृथ्वीच्या दिशेने येईलच असे नाही. तिसरी घटना सूर्यावर घडतच नाही. ते द्रव्य पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला येऊन भिडले म्हणजे भूचुंबकीय वादळ होते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे त्याच मे महिन्याने दाखवले. ८ मेपासून निघालेले अनेक उत्क्षेप १० मेच्या रात्री पृथ्वीपाशी पोचले आणि २००३ नंतरचे सर्वांत तीव्र वादळ झाले. त्याच सूर्यडागसमूहातील पृथ्वीवरून त्या महिन्यात दिसलेली सर्वांत प्रखर ज्वाला मात्र १४ मेची. तोवर तो समूह सूर्याच्या कडेला सरकला होता, त्यामुळे तिच्याबरोबरचा उत्क्षेप पृथ्वीच्या दिशेने नव्हता. वीज सर्वांत मोठी, पण पाऊस दुसऱ्याच शिवारात! ज्वाला आणि वादळ एकच मानणाऱ्या वाचकाला याचा उलगडा कसा व्हावा?

बातम्यांतील दुसरी उणीव म्हणजे आपल्याच दाराशी असलेल्या पुराव्याचा विसर. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकक्षेत्राचा आडवा घटक तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने उतरल्याची नोंद झाली. २००३ मध्ये त्सुरुतानी, लाखिना आणि सहकाऱ्यांनी याच नोंदीवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम पुढे १९०४ पासून अलिबागला हलवण्यात आले. आज सूर्याचा अतिनील प्रकाश टिपणारी ‘आदित्य-एल१’वरील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली आहे, त्याच यानावरील अन्य उपकरणे सौर वाऱ्याचे कण आणि चुंबकक्षेत्र मोजतात. म्हणजे ज्वाला पाहणारे आणि द्रव्य मोजणारे उपकरणही वेगळे.

ताऱ्यांकडे वळल्यावर तर हा भेद अटळच ठरतो. दूरच्या लाल खुज्या ताऱ्यांवरील ज्वाला कित्येक दशकांपासून माहीत आहेत. पण सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्यातून द्रव्य खरोखर सुटून बाहेर पडल्याची खात्रीशीर खूण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १३० प्रकाशवर्षे दूरच्या एका लाल खुज्या ताऱ्यातून आलेला रेडिओ स्फोट युरोपातील ‘लोफार’ दुर्बिणीच्या नोंदींत सापडला. उत्क्षेपाचा वेग सेकंदाला सुमारे २४०० किलोमीटर निघाला. ज्वाला आणि उत्क्षेप एकच असते, तर या शोधात नवे ते काय होते?

शिक्षकांना आमचे एवढेच सुचवणे आहे. बातमी वर्गात जरूर वाचावी, पण प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे : हा प्रकाश, हे द्रव्य, की हे पृथ्वीवरचे वादळ? मग फळ्यावर एक गणित द्यावे. १५ कोटी किलोमीटर अंतर साडेसतरा तासांत कापले, तर १८५९ च्या उत्क्षेपाचा सरासरी वेग किती? उत्तर येईल सेकंदाला सुमारे २४०० किलोमीटर, त्या दूरच्या ताऱ्याच्या उत्क्षेपाइतकेच. ‘ज्वाला आदळली’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हे गणित सुचणारही नाही.