शिवण दिसते, तरीही

डेथ मेटलचा श्रोता तसा कर्मठ. गायकाने गुरगुरणे सोडून दोन ओळी सुरात म्हटल्या की बँड वाया गेला, असे त्याचे मत होते. स्वीडनच्या ओपेथने २०११ च्या 'हेरिटेज'वर गुरगुरणे बंद केले तेव्हा चाहत्यांत उभी फूट पडली, आणि आल्बमवर तो आवाज परत यायला २०२४ उजाडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इनकँटेशनने 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' काढला. एरवी मेटलकडे न फिरकणाऱ्या समीक्षकांनीही त्याला डोक्यावर घेतले. कौतुक रास्तच आहे, पण ते भलत्याच गोष्टीचे चालले आहे.

नवेपणाचे म्हणाल, तर सिंथ आणि अंतराळ डेथ मेटलमध्ये जुनेच. फ्लोरिडाच्या नॉक्टर्नसने १९९० मध्ये 'द की'वर कीबोर्ड आणि विज्ञानकथा दोन्ही आणल्या होत्या. तिथल्याच सिनिकने १९९३ च्या 'फोकस'वर व्होकोडरमधला यांत्रिक आवाज आणि जॅझ आणला. खुद्द ब्लड इनकँटेशनचाही हा काही एका रात्रीत झालेला कायापालट नव्हे. २०१६ चा 'स्टारस्पॉन' तेरा मिनिटांच्या रचनेनेच उघडतो. २०२२ चा 'टाइमवेव्ह झिरो' तर गुरगुरणे आणि ब्लास्ट बीट दोन्ही वगळून सिंथवर उभा आहे.

नव्या आल्बममध्ये दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज'. वीस मिनिटांच्या आसपासची एक, तेवीसची दुसरी. प्रत्येकीचे तीन भाग. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले, म्हणजे बोवीचा 'हीरोज' जिथे घडला तिथे. 'स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेश्निंग स्वतः पाहुणा आहे. पण ऐकावा तो पहिला भाग. आयझॅक फॉक ड्रम्सवर तुटून पडतो, पॉल रीडल गुरगुरतो, आणि दोनेक मिनिटांत सगळे एकदम निवते. ठेका सैल पडतो, गिटारवरची घाण धुऊन निघते, सिंथ तरंगू लागतो. जेफ बॅरेटचा बेस फ्रेटलेस असल्यामुळे त्यावर चक्क मींड घेता येते, आणि तो ती मनसोक्त घेतो. इतका रेंगाळणारा ठेका तोच ड्रमर वाजवतो आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही. मग पूर्वसूचना न देता पुन्हा मारा सुरू.

या 'पूर्वसूचना न देता'पाशीच माझे अडते. याला सगळे मिश्रण म्हणतात. मला ती गोधडी वाटते. कापड उत्तम, टाके ठसठशीत. 'मेसेज'च्या मधल्या भागात रीडल स्वच्छ आवाजात गातो तेव्हा पिंक फ्लॉइड आठवतो. तो तुकडा गोड आहे, पण मागच्या-पुढच्या डेथ मेटलवर त्याचा ओरखडाही उठत नाही. खरे मिश्रण ऐकायचे तर फिनलंडच्या ओरान्सी पाझुझूचा २०२० चा 'मेस्तारिन क्युन्सी' घ्या. तिथे एकच आवर्तन घुमत घुमत विकृत होत जाते. ब्लॅक मेटल कुठे संपले नि सायकेडेलिया कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. धाडसाच्या बाबतीत मी त्यांना चार पावले पुढे मानतो.

मग 'एल्सव्हेअर' का आवडतो? कारण हे चौघे सत्तरच्या दशकातल्या संगीताकडे सजावटीचे सामान म्हणून पाहत नाहीत. आल्बमचे नावही त्या काळातल्या एका ब्रिटिश प्रोग बँडचे आहे. त्या बँडने १९७६ साली एरिक फॉन डॅनिकेनच्या पुस्तकांवरून आल्बम केला होता, आणि ड्रम्सवर होता बिल ब्रूफर्ड. (देव म्हणजे परग्रहावरचे पाहुणे, हे डॅनिकेनचे म्हणणे मराठी वाचकाला नवे नाही, बाळ भागवतांनी त्याला केव्हाच मराठीत आणले. सिद्धांत पोकळ आहे, पण संगीताला खाद्य भरपूर पुरवतो.) संथ भागातही हे लोक मारधाडीइतकेच जीव तोडून वाजवतात. ही सचोटी ओपेथच्या मधल्या काळातल्या काही आल्बमांत मला सापडली नव्हती. तिथे जुन्या रेकॉर्डींवरचे प्रेम दिसे, धोका दिसत नसे.

'एल्सव्हेअर' हा या बँडचा सर्वांत देखणा आल्बम आहे, सर्वांत धाडसी मात्र 'टाइमवेव्ह झिरो'च. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर 'स्टारगेट'चे तिन्ही भाग सलग लावा. सुटे ऐकण्यात अर्थ नाही.