वाहक म्हणजे डास नव्हे

दिवाळीत म्हसावदला घरी गेले होते. शेजारच्या काकू एक कार्ड घेऊन आल्या. "तू रक्ताचंच शिकते ना? बघ बरं. भाचीला सिकलसेल निघाला. मुलाकडच्यांना सांगायचं का लपवायचं?"

कार्डावर 'एएस' लिहिलं होतं. म्हणजे भाची आजारी नाही. तसं काकूंना सांगितलंही होतं: 'ती फक्त वाहक आहे.' पण घोटाळा नेमका त्याच शब्दाने केला होता.

म्हणून आज प्रयोगशाळा बाजूला ठेवून शब्दांबद्दल बोलते. आपल्या नंदुरबारमध्ये सिकलसेल घरोघरी माहीत आहे, आणि त्याबद्दलचे मराठी शब्द इंग्रजीतून आलेत. येताना त्यांच्यातले बारीक फरक वाटेत सांडले.

आधी विज्ञान थोडक्यात. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकाच प्रतीत सिकलचा बदल असेल तर एएस, दोन्हींत असेल तर एसएस. इंग्रजीत पहिल्याला 'ट्रेट' म्हणतात, दुसऱ्याला 'डिसीज'. ट्रेट म्हणजे गुणधर्म, घारे डोळे असावेत तसा. एएस असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, उलट लहानपणी गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. एसएस हा मात्र खरा आजार. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, असह्य वेदना होतात. आणि आपण बोलताना, लिहिताना दोघांनाही सरसकट 'सिकलसेलग्रस्त' म्हणून मोकळे होतो! ज्याला काही त्रासच नाही तो ग्रस्त कशाने?

आता 'वाहक'. इंग्रजीत डासाला 'व्हेक्टर' म्हणतात आणि जनुक बाळगणाऱ्या माणसाला 'कॅरिअर'. मराठीत दोन्हींना एकच शब्द. मलेरियाच्या भिंतीवरच्या सूचनांत डास रोगाचा वाहक, आणि कार्डावर काकूंची भाचीही वाहक. (एसटीतला वाहक वेगळाच, त्याला निदान कुणी घाबरत नाही.) मग 'तिच्यापासून घरात पसरेल का?' असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला अडाणी म्हणू नका. शब्दाने जे शिकवलं तेच तो बोलतोय. खरं तर इंग्रजी 'कॅरिअर'ही फारसा निर्दोष नाही. लक्षणं नसताना टायफॉइड पसरवणाऱ्या माणसालाही तोच शब्द आहे. मला 'जनुकधारक' बरा वाटतो. शिधापत्रिकाधारक म्हणतो ना, तसं. धारकाकडे ती गोष्ट असते, तो ती वाटत फिरत नाही. मुलांकडे जनुक जाऊ शकतं, पण तेवढंच.

तिसरी जोडी 'स्क्रीनिंग' आणि 'डायग्नोसिस', म्हणजे चाळणी आणि निदान. गावात शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही चाळणी. तिच्यात एएस आणि एसएस दोघेही 'पॉझिटिव्ह' येतात. कोण कोणता, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळतं. पण आपण दोन्हींना 'तपासणी' म्हणतो, आणि पहिलीच पॉझिटिव्ह आली की गावभर 'निघाला' होऊन जातं. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत बोलणी मोडलेली असतात.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा शब्द, 'निर्मूलन'. साथरोगशास्त्रात 'इरॅडिकेशन' आणि 'एलिमिनेशन' हे वेगळे शब्द आहेत. इरॅडिकेशन म्हणजे रोग जगातूनच कायमचा गेला, आता लसही नको. देवीचं तसं झालं, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. एलिमिनेशन म्हणजे आपल्या हद्दीतून गेला, पण पहारा चालू ठेवायचा. भारतातला पोलिओ असा गेला, 2014 मध्ये प्रमाणपत्र मिळालं, तरी डोस अजून चालूच आहेत. गंमत म्हणजे इरॅडिकेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'मूळ' आहे आणि एलिमिनेशनच्या मुळाशी 'उंबरठा'. म्हणजे निर्मूलन हा पहिल्याचा चोख प्रतिशब्द. दुसऱ्यासाठी आपल्याकडे 'हद्दपारी' तयार आहे, पण वापरतो आपण दोन्हीकडे निर्मूलनच.

याशिवाय एक सौम्य अर्थही आहे: 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' एलिमिनेशन. कुष्ठरोगात त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असा होता. देशाने ते 2005 च्या अखेरीस गाठलं, तरी नवे रुग्ण सापडतच राहिले. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं 2047 चं उद्दिष्टही याच सौम्य अर्थाचं आहे. फलकावर मात्र उरतं फक्त 'सिकलसेल निर्मूलन'.

इथे मला खरी भीती वाटते. देवीचा विषाणू माणसाच्या बाहेरचा होता, त्याचं मूळ उपटता आलं. सिकलचं जनुक माणसातच आहे. मग मूळ उपटायचं म्हणजे कुणाला उपटायचं? नकळत उत्तर येतं: एएसवाल्या पोरींची लग्नं नकोत. मोहिमेने हे कुठेही म्हटलेलं नाही, पण शब्द ते सुचवतो. प्रत्यक्ष काम आहे ते बाळांची लवकर तपासणी, हायड्रॉक्सीयुरिया, लसी आणि लग्नाआधी नीट समुपदेशन. याला 'नियंत्रण' म्हटलं तर काय बिघडलं?

काकूंना सांगितलं, लपवू नका. मुलाचीही एचपीएलसी करा. तो एए असेल आणि त्याला थॅलेसेमियाचंही जनुक नसेल, तर एकही मूल एसएस होणार नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा, समजून-उमजून घेतलेला.

काकू म्हणाल्या, "मग एवढं सरळ लिहायला काय झालं होतं?"

खरंच, काय झालं होतं? तुमच्या भागात आशाताई हे भिलीत, पावरीत, अहिराणीत कसं सांगतात? एखादा चांगला शब्द असेल तर मला नक्की कळवा. कदाचित तो आपल्या कुठल्याच परिभाषाकोशात सापडायचा नाही.