बोंडांचे फ्लेक्स आणि मॅनहोलमधली माणसं

पेरणी जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या बाजारात कृषी सेवा केंद्रांवर फ्लेक्स झळकू लागतात. बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, शेजारी हसरा शेतकरी, वर ठळक अक्षरात वाणाचं नाव. उपभोगाची संस्कृती म्हटलं की शहरातला मॉल आठवतो. इथे मात्र तिचं पहिलं गिऱ्हाईक कापूस पिकवणाराच असतो, आणि त्याला भुलवण्याचं काम छायाचित्र करतं.

मग छायाचित्रकलेने या भुलीला उत्तर काय दिलं?

जगात या वाटेवरचं गाजलेलं नाव जर्मनीच्या आंद्रेआस गुर्स्की यांचं. त्यांच्या 1999च्या '99 सेंट'मध्ये स्वस्त दुकानातल्या रंगीत मालाच्या रांगांत माणसांची फक्त डोकी उरतात. याच विषयावरचं त्यांचं जोडचित्र 2007मध्ये लंडनच्या लिलावात 33 लाख डॉलरना गेलं. चित्र थक्क करतं, पण माल कोणी घडवला आणि वापरून झाल्यावर कुठे गेला, हे त्यात नाही.

वापरलेला माल कुठे जातो, ते दाखवलं अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रं ही उपभोगावरची मराठी माणसाने केलेली सर्वांत कठोर टीका आहे. गळ्यापर्यंत मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस, कचऱ्यात उघडे हात. शहराने फेकलेलं सगळं ज्यांच्या अंगावर येतं, ते बहुतेक दलित आहेत, हे या चित्रांतून सुटत नाही. रंग काढून घेतल्यामुळे कचऱ्यालाही देखणेपण मिळत नाही. कलावंत विवान सुंदरम यांनी 2008च्या 'ट्रॅश'मध्ये कचऱ्याचंच शहर रचून त्याचे फोटो काढले. ते विलक्षण आहेत, पण डोळा आधी रचनेत रमतो. ओलवे रमू देत नाहीत. त्यांना 2016मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरं टोक, म्हणजे वस्तू जिथून निघते ती जागा, अजून रिकामं आहे. यवतमाळ जिल्ह्याचे फोटो कमी निघाले नाहीत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची हार घातलेली तसबीर आणि तिच्याखाली बसलेली विधवा, हे चित्र देशभर पोचलं. इतकं, की त्याचा साचा झाला. त्यात दुःख आहे, बाजार नाही. बियाण्याचं पाकीट, उधारीची वही, फवारणीचा पंप चौकटीबाहेर राहतात. 2017मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसं दगावली, तेव्हा वृत्तछायाचित्रकार रुग्णालयात पोचले. बातमी ओसरली तशी चित्रंही थांबली.

पाकिटापासून जिनिंगपर्यंत आणि तिथून शोरूममधल्या शर्टापर्यंतचा प्रवास सलग टिपायला एका हंगामाहून अधिक काळ लागेल. पुसदसारख्या गावात लग्न-बारशांचे फोटो काढणाऱ्यांकडे कॅमेरा आहे, हात बसलेला आहे, शेतात शिरण्याइतक्या ओळखीही आहेत. पण मराठी नियतकालिकांत छायाचित्र अजून लेखाच्या कडेला बसतं. सलग वीस पानं त्याला क्वचितच मिळतात, आणि वर्षभराच्या कामाचं मानधन त्याहून क्वचित.