‘कीचकवध’: संपादक आणि नाटककार

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तील टिळकांचे सहकारी. त्यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. कीचकात कर्झन, भीमात जहाल व युधिष्ठिरात मवाळ पाहण्याची प्रथा रूढच आहे. परंतु एवढ्यावर थांबल्यास नाट्याचे मर्म निसटते. युधिष्ठिराचा संयम म्हणजे भ्याडपणा नव्हे; अज्ञातवास उघडकीस आल्यास वनवास पुन्हा भोगावा लागेल, ही महाभारतातीलच अट त्यामागे उभी आहे. त्यामुळे सैरंध्रीचा आक्रोश आणि युधिष्ठिराची प्रतिज्ञा या दोहोंनाही वजन लाभते. अग्रलेखात प्रतिपक्षाचे खंडन पुरेसे असते. नाटकात त्याची बाजूही समर्थ असावी लागते. येथे संपादकाने नाटककारावर मात केलेली नाही. म्हणूनच कर्झनचा संदर्भ मावळला तरी हा संघर्ष निस्तेज होत नाही.