३८१६५४७२९० या संख्येची ‘गंमत’

‘संख्यांच्या गमती’ अशा मथळ्याखाली ३८१६५४७२९० ही संख्या पुष्कळदा भेटते. शून्य ते नऊ हे अंक तिच्यात एकेकदाच येतात. डावीकडून पहिले दोन अंक घेतले (३८) तर २ ने, तीन घेतले (३८१) तर ३ ने, चार घेतले (३८१६) तर ४ ने, असा थेट १० पर्यंत निःशेष भाग जातो. दहाही अंक एकेकदा वापरून असा गुणधर्म असणारी दुसरी संख्या नाही. एवढे सांगून एक उद्गारचिन्ह दिले की मजकूर संपतो.

आमचा आक्षेप या उद्गारचिन्हाला आहे. संख्या आयती हाती दिली की मुलांना फक्त भागाकार पडताळण्याचे काम उरते. ती थक्क होतात, पण ‘असे का?’ हा प्रश्न तसाच राहतो आणि गणित म्हणजे कुणा हुशार माणसाची जादू, हा समज पक्का होतो. वस्तुतः शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विभाज्यतेच्या कसोट्या वापरून मुलांना ही संख्या स्वतःच शोधता येते.

दहाव्या जागी ० हवे, मग पाचव्या जागी ५ च. सम क्रमांकाच्या जागी सम अंक हवेत, म्हणून विषम जागी विषम उरतात. तिसरा व सातवा अंक विषम असल्याने, ४ आणि ८ ने भाग जाण्यासाठी चौथ्या व आठव्या जागी २ किंवा ६ च बसतात. दुसऱ्या व सहाव्या जागेसाठी ४ आणि ८ राहतात. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ ने विभाज्य, पहिल्या सहांचीही तशीच. तेव्हा चौथ्या, पाचव्या नि सहाव्या अंकांची बेरीजही ३ ने विभाज्य हवी. म्हणजे तेथे २५८ किंवा ६५४ एवढेच शक्य आहे. उरलेल्या जागांना ३ व ८ च्या कसोट्या लावल्या की एकूण ३६,२८,८०० मांडण्यांपैकी अवघ्या १० शिल्लक राहतात. ९ ची अट आपोआप पुरी होते, कारण १ ते ९ ची बेरीज ४५ आहे.

या उदाहरणाची एक मर्यादाही सांगायला हवी. ७ साठी इतकी सोपी कसोटी नाही. दहाही संख्यांचे पहिले सात अंक घेऊन प्रत्यक्ष भागावेच लागते. नऊ गळतात, एक टिकते. युक्तिवाद कुठवर नेतो आणि आकडेमोड कुठे सुरू होते, हे मुलांपासून लपवू नये. उलट, तोच या पाठाचा महत्त्वाचा भाग आहे.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : ही संख्या फळ्यावर लिहूच नका. दहा रिकाम्या चौकटी काढा, अटी सांगा आणि पहिला अंक कोणत्या चौकटीत भरता येईल, तेवढेच विचारा.